कलमवाले अंबादासकाका

अंबादासकाका कोणाशी बोलायला उभे राहिले की त्यांचा हात आपोआप जवळच्या झाडाकडे जायचा. अंगठ्याच्या नखानं ते खोडावर बारीक रेघ ओढायचे, खाली हिरवं दिसतं का ते पाहायचे आणि मग बोलणं पुढे न्यायचे. एसटी स्टँडवरचा कडुलिंब असो की तहसीलच्या आवारातला अशोक, त्यांना फरक पडत नसे. एकदा ते अमरावतीला माझ्या कॉलेजात आले, तर प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या कुंडीतल्या झाडालाही त्यांनी नख लावलं. शिपाई अंगावर आला. काका शांतपणे त्याला म्हणाले, "साल सुटून नाई राह्यली. पानी कमी पडून राह्यलं याले." शिपाई पाण्याचा मग आणायला गेला.

साल सुटणं, म्हणजे ती खोडापासून सहज निघणं, ही त्यांच्या कामातली गोष्ट. आमच्या मोर्शीकडे संत्र्याचं झाड बियांपासून लावत नाहीत. आधी जंबेरीचं, म्हणजे रानटी लिंबाचं, रोप वाढवतात, त्याला खुंट म्हणतात. त्या खुंटाच्या सालीला चीर देऊन चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा फुटवा, आत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळ्याला आमच्याकडे डोया म्हणतात. काका डोये बांधायचे. हंगामात नर्सरीवाले त्यांना घ्यायला गाडी पाठवत, कारण त्यांच्या हातचं कलम क्वचित मरे. आणि मेलंच तर मालक जंबेरीच्या रोपाला शिव्या घालत असताना काका उकिडवे बसून पट्टी सोडत. "खुंट बिचारा जागचा हालला नाई," ते म्हणत. "डोया आपुन बाहेरून आनून घातला. मेलं त आधी डोया पाहावं, मंग खुंट." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की मला ते एखाद्या म्हणीसारखं वाटायचं.

त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. माझे वडील संत्र्याच्या हंगामात पेट्या भरायला जातात, एरवी मिळेल ते काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. म्हणून मला जे लिहिता येतं ते असं साधंच येतं, आणि हा विषयही आमच्याकडे कोणी उघड बोलत नाही. पण काकांबद्दल लिहायचं तर तो टाळता येत नाही. काका आणि कांताकाकूंना मूल नव्हतं.

काकूंचं माहेर रिद्धपूरचं. त्यांचे भाऊ तिथं फुलं आणि हार विकतात. काकू उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. गल्लीत कोणाचं डोहाळजेवण असलं की पुरणाला त्यांना हमखास बोलवत, पण ओटी भरायची वेळ आली की त्या आपणहून चुलीकडे जाऊन बसत. कोणी जा म्हणत नसे आणि कोणी थांब म्हणत नसे. तालुक्याच्या एका डॉक्टरकडे त्यांची पिशवी साफ करत. म्हणजे गर्भाशय आतून खरवडत. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी "कांताले पिशवी साफ कराले नेलं" असं कानावर पडायचं, तेव्हा मला वाटायचं, भांडी कल्हईला नेतात तसं काहीतरी असेल. एक वर्ष सोडून, कधी दरवर्षी, काका त्यांना एसटीनं घेऊन जात आणि बाहेर झाडाखाली बसून राहत. त्यांना कधी कोणी आत बोलावलं नाही. तुमचीही तपासणी करू, असं त्या डॉक्टरनं म्हटलं नाही आणि काकांच्याही मनात आलं नाही.

काकांच्या आईला सगळे आजीच म्हणत. आजीचं म्हणणं एकच होतं. भुईच नापीक असेल तर पेरणारानं काय करावं. तिनं तिवस्याकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. कांताला सोडचिठ्ठी देऊन रिद्धपूरला पोचवायचं आणि अंबादासचं दुसरं लग्न करायचं, हे ती काकूंच्या देखत, गहू निवडता निवडता बोलायची. काका हो म्हणत नसत. पण नाहीही म्हणत नसत. काकूंचं सगळं आयुष्य त्या न बोललेल्या "नाही"वर टांगलेलं होतं.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आलो होतो. दुपारची वेळ. काका दारात बसून कलमाच्या चाकूला धार लावत होते. आजी सांगत होती की दिवाळीआधी एकदा शेवटची पिशवी साफ करून पाहा, नाही जमलं तर मग तिवस्याला निरोप धाडते. मी आमच्या दारात होतो. काकू पाण्याची घागर उतरवून उभ्या राहिल्या आणि आवाज जराही न चढवता काकांना म्हणाल्या, "तुमी दुनियाले सांगत फिरता, आधी डोया पाहावं म्हनून. मंग इतले वर्सं माहा खुंटच काहून खरडून राह्यले सारे?"

काकांचा चाकू दगडावर थांबला. आजीनं सुनेला काही ऐकवलं, ते मला आठवत नाही. काका उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले.

पुढच्या रविवारी ते अमरावतीला माझ्या होस्टेलवर आले. आवारातल्या बदामाच्या झाडाला टेकून उभे राहिले, नख लावून पाहिलं, साल बोटांनी चोळली. बराच वेळ माझ्या जेवणाची चौकशी केली. मग झाडाकडे पाहतच म्हणाले, "तुमी सायन्सवाले. मानसाचा डोया पाहनारा डॉक्टर असन ना एखांदा?"

काका मला गमतीनं सायन्सवाले म्हणत, पण त्या दिवशी त्यांचा माझ्या सायन्सवर खरोखर विश्वास होता, आणि मला लाज वाटली. कारण आमच्या शाळेत प्रजननाचा धडा आला तेव्हा सरांनी तो घरी वाचा म्हणून सांगितलं होतं. मुली पुस्तकात पाहत बसल्या, आम्ही मुलं खुसखुसलो आणि तो धडा तिथंच संपला. काका गेल्यावर मी तो पहिल्यांदा नीट वाचला. मग कॉलेजातल्या एका मॅडमना अडखळत विचारून डॉक्टरांचं नाव मिळवलं. मॅडम अजिबात हसल्या नाहीत, हे मला अजून आठवतं.

डॉक्टर मध्यमवयाचे, हळू बोलणारे होते. काकांनी मला बाहेर जाऊ दिलं नाही. डॉक्टरांनी बरंच विचारलं. मोठेपणी गालगुंड झालं होतं का, कारण त्यात कधी कधी गालाबरोबर अंडंही सुजतं आणि आतलं काम कायमचं बिघडतं. हर्नियाचं ऑपरेशन? साखर? तंबाखू? काका म्हणाले, खर्रा खातो. काम काय करता, याच्यावर काकांनी कलमांचं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, हंगाम नसतो तेव्हा काय करता? तेव्हा निघालं की ते बागांमध्ये फवारणी करतात. पाठीवर पंप, अंगात बनियन, आणि गळक्या झाकणातून औषध पाठीवरून मांड्यांपर्यंत ओघळतं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हणाले, यानंच झालं असं मी सांगू शकत नाही, पण हेही एक कारण असू शकतं. मग काकांनी अगदी हळू आवाजात अजून एक सांगितलं. रस्त्याकडेला तंबू ठोकून बसणाऱ्या एका वैद्याकडून ते दोन हंगाम ताकदीची पूड घेत होते. त्यात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की असल्या पुडीत काही वेळा पुरुषी हार्मोनच मिसळलेलं असतं, आणि ते बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बीज बनवणं बंद करतं. ताकद आली असं वाटतं, पण आत सगळं थांबतं. पूड आजपासून बंद.

पडद्यामागे तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं की डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या आहेत. रक्त तिथं साचतं आणि उष्णता वाढते. निसर्गानं ती जागा शरीराबाहेर ठेवली ती थंड राहावी म्हणून, आणि इथं तर सतत ऊब. संध्याकाळी तिथं ठणकतं का, असं त्यांनी विचारलं. काका कितीतरी वर्षं त्याला पंपाच्या ओझ्याचं दुखणं समजत होते. ते म्हणाले, "म्हंजे मी मर्द नाई काय, साहेब?" डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. धडधाकट माणसाच्याही बीजात दोष असू शकतो. बाहेरून पाहून ते कोणालाच कळत नाही, तपासूनच कळतं.

मग वीर्याची तपासणी सांगितली. त्याआधी तीन-चार दिवस बायकोपासून दूर राहायचं. कमी नको आणि जास्तही नको, हे त्यांनी दोनदा सांगितलं. काकांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

आणि ते गावी जाऊन बागेत राहायला गेले.

ते दिवस बागेला ताण द्यायचे होते. आंबिया बहार, म्हणजे थंडीनंतरचा फुलोरा, धरायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, वळतात, बाग पाहवत नाही. पण जीव घट्ट करून पाणी द्यायचं नाही. मग ताण तोडून पाणी सोडलं की सगळं झाड फुलानं पांढरं होतं. जितका ताण नीट, तितका बहार चांगला, हे आमच्याकडे पोरंटोरंही सांगतील. काकांनी हेच स्वतःला लावलं. एका मालकाच्या बागेची राखण पत्करून ते तिथल्या खोपीत जाऊन राहिले. आठवडा गेला, महिना गेला, दुसरा महिना लागला. घराकडे फिरकले नाहीत. डबा आजी कोणाबरोबर तरी पाठवायची आणि गल्लीत सांगायची की पोरगं आता सुटं व्हायला लागलं.

मी घरी आलो तेव्हा काकू कपड्यांची पेटी भरत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून भावाला फोन लावायला सांगितलं. रडत नव्हत्या. म्हणाल्या, त्याईनं तोंडानं जा म्हनायची वाट कायले पाहू. मी फोन लावला नाही, तसाच बागेत गेलो.

काका मलूल झाडांमध्ये बसले होते. मी विचारलं, काका, तपासणीला का नाही आलात? ते म्हणाले, "अजून ताण पुरा नाई झाला. अर्ध्या ताणात पानी सोडलं त फूल कमी येते."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली. काका म्हणाले, तो शहरातला माणूस, त्याले ताणाचं काय समजते. मी म्हटलं, निदान काकूंना तरी सांगून यायचं. ते ओशाळले. असलं बाईमाणसाला कसं सांगावं, असं पुटपुटले. तेव्हा मी सांगितलं की काकू पेटी भरताहेत. काका एकदम उठले आणि माझ्यापुढे चालत निघाले. मला त्यांच्याबरोबर राहायला पळावं लागलं.

त्या दिवशी त्यांनी काकूंना काय सांगितलं ते भिंतीमुळे अर्धंमुर्धं ऐकू आलं. शेवटचं मात्र स्पष्ट ऐकलं. काकू म्हणाल्या, "मले सांगा लागत होतं. मीबी ताणातच होती ना." आणि मग त्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना आधी ऐकलं नव्हतं. नंतरही फार नाही.

नमुना द्यायला दवाखान्यात एक लहानशी खोली होती. काका आत गेले आणि लगेच बाहेर आले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आत देवाचं कॅलेंडर टांगून ठेवलं, लेका. कसं जमन?" मी जाऊन नर्सबाईंना सांगू शकलो नाही. शेवटी काकांनीच आत जाऊन कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी दोन महिन्यांची हकिगत ऐकली आणि डोक्याला हात लावला. ते रागावले नाहीत. त्यांनी समजावलं की ही काही बाग नाही. नवं बीज रोज बनतं आणि जुनं रोज मरतं. साठवून ठेवलं तर वाढत नाही, मेलेलंच जास्त निघतं. नमुन्यात तसंच होतं, हलणारं जवळजवळ काही नाही. मग सांगितल्याप्रमाणे थांबून पुन्हा तपासणी केली, आणि काही आठवड्यांनी आणखी एकदा, कारण एका तपासणीवर निकाल देत नाहीत. बीज होतं. थोडं होतं, मंद होतं, पण जिवंत होतं.

काका बाहेर येऊन पायरीवर बसले. त्यांनी मला एवढंच विचारलं, "म्हंजे इतले वर्सं तिले नेलं ते फुकट?"

शिरांचं ऑपरेशन झालं. खर्रा त्यांनी सोडला आणि पंप विकून टाकला. डॉक्टर म्हणाले होते की बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून केलेल्याचा गुण आज दिसत नाही. काकांना हे लगेच पटलं. डोळा बांधल्यावर लगेच पट्टी सोडून पाहणाऱ्यांचा त्यांना फार राग होता. पुढच्या तपासणीत आकडा वाढला, त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी. डॉक्टरांनी हसून सांगितलं की आता आशा धरायला हरकत नाही. त्या दिवशी काकांनी मला आणि रिक्षावाल्याला, ज्याला काहीच माहीत नव्हतं, जिलबी खाऊ घातली.

पण महिने गेले आणि काही झालं नाही. काकूंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की आता मी पुन्हा टेबलावर झोपणार नाही. डॉक्टरांनी जोर केला नव्हता. आता काकू आपणहून म्हणाल्या, पाहू द्या त्याईले. दुर्बिणीनं पाहिलं. पिशवी इतक्या वेळा खरवडली होती की आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी त्या सोडवून पाहिल्या. काही दिवसांनी पुन्हा चिकटल्या. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा साफ केली होती? काकू बोटांवर मोजायला लागल्या, मग मध्येच थांबल्या आणि मूठ मिटून मांडीवर ठेवली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, पुरुषाच्या तपासणीला एक डबी लागते. ना चिरावं लागतं, ना भूल. ती पहिल्या वर्षी झाली असती तर यांना हात लावायची गरजच नव्हती.

परतीच्या एसटीत काका-काकू शेजारी बसले होते आणि मी मागच्या बाकावर. मोर्शी येईपर्यंत काकूंची मूठ तशीच मिटलेली होती.

आजीला मात्र या सगळ्यातून एकच गोष्ट समजली. माझं पोरगं आता दुरुस्त आहे आणि सून कायमची वाया गेली. आता कोणाची भीड ठेवायची? तिनं तिवस्याला निरोप धाडला. मुलीचे वडील आणि दोन पाहुणे आले. काकूंच्या भावालाही बोलावून घेतलं, म्हणजे एकाच बैठकीत त्यांना परत नेण्याचं ठरेल. ओसरीवर सतरंजी घातली. गल्लीतले चार जाणते लोक येऊन बसले, त्यात माझे वडीलही होते. काकू आत चहा करत होत्या. मला आतून कपांचा आवाज ऐकू येत होता.

मुलीच्या वडिलांनी विचारलं की जावईबापूंची तब्येत आता ठीक आहे ना. आजी म्हणाली, डाक्टरनं लिहून देल्लं. तेव्हा काका उभे राहिले. ओसरीला झाड नव्हतं. हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना, तो त्यांनी खांबावर ठेवला.

"दोष माह्यात होता," ते म्हणाले. "लग्नापासून माह्यात होता. मले तपासलं नाई आन् हिले खरडून खरडून खराब केलं. तेबी मीच नेलं, माह्या पायानं. आता मी दुरुस्त झालो म्हनून दुसरी आनू? उद्या मालकाच्या बागेत मी मेला डोया बांधला आन् खुंट उपटून फेकला, त मले कोनी उभं करन काय?"

आजीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. काकूंचा भाऊ मान खाली घालून बसला होता. काकांनी त्याच्याकडे वळून हात जोडले. पाहुण्यांनी चहा घेतला आणि लवकर उठले. सगळे गेल्यावर काकू बाहेर आल्या, कप गोळा केले आणि आत गेल्या. तिवस्याचा विषय मात्र त्या घरात पुन्हा निघाला नाही.

याची किंमत काकांना वेगळ्या ठिकाणी द्यावी लागली. आमच्याकडे हंगामाची पहिली कलमं लेकुरवाळ्या हातानं बांधतात. नारळ फोडायचा आणि पोराबाळाच्या माणसानं पहिले काही डोये बसवायचे, म्हणजे सगळा वाफा धरतो. इतकी वर्षं ही पहिली कलमं काकाच बांधत होते. त्यांना मूल नव्हतं, पण दोष बायकोत आहे असं सगळे मानत होते, म्हणून त्यांचा हात चालत होता. त्या हंगामात पहिल्या दिवशी गाडी आली नाही. दुसऱ्या नर्सरीवाल्यानं सांगितलं की या वर्षी माणसं भरली. तिसऱ्याकडे काकांनी बांधलेली काही कलमं मेली, उन्हानं मेली, पण लोकांनी दोष त्यांच्या हाताला दिला. टपरीवर पोरं काकांना पाहून "डोया" म्हणून हाक मारायची. काका थांबत, वळून पाहत आणि म्हणत, "तुमचा तपासून घ्या बाप्पा, वेळ हाय तोवर." यावर हसणारे थोडे कमी व्हायचे. काम मात्र आलं नाही.

मग ते दोघं अकोल्याला गेले. आजी तोवर वारली होती. शहराबाहेर एका नर्सरीत काका गुलाबाचे डोळे बांधायचे आणि काकू पुढच्या बाजूला मोगरा, शेवंती, जास्वंदाची रोपं विकायच्या. तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. मला वाटलं होतं, आता ते हा विषय कायमचा पुरून टाकतील. कोणीही तेच केलं असतं.

मी एका परीक्षेसाठी अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे उतरलो. सकाळी एक बाई नातवंडाला घेऊन तुळस घ्यायला आली. पैसे देता देता तिनं काकूंना सहज विचारलं, लेकरं किती तुम्हाले? काका पार तिकडे गुलाबाच्या वाफ्यात होते. काकूंनी उत्तर द्यायच्या आत तिकडूनच त्यांचा आवाज आला. "नाई झाले. माह्यात दोष होता."

बाई गडबडीनं निघून गेली. काकू कुंडीवरची माती पुसत म्हणाल्या, "दरवेळी सांगा लागते काय? राहू द्या ना."

"लागते," काका म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले.

त्याच नर्सरीत एक तरुण कामगार होता, लग्नाला दोनेक वर्षं झालेला. त्याच्या बायकोला घरचे दवाखान्यात नेणार होते. काकांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, तू गेला काय आधी? तो लाजला, चिडला, मला काय झालं म्हणाला. काकांनी त्याला स्वतःची सगळी हकिगत सांगितली, ताणासकट, देवाच्या कॅलेंडरासकट. एका डॉक्टरसमोर हळू आवाजात बोलणारा हा माणूस दहा माणसांत ते बोलत होता. तो तरुण तपासायला गेला की नाही, ते मला माहीत नाही.

या वर्षी मे महिन्यात काका गेले. अकोल्याचं ऊन सांगायला नको. हिरव्या जाळीखाली रोपांना पाणी देताना ते खाली बसले आणि परत उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत अंग भट्टीसारखं झालं होतं, असं काकूंनी सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाया बसायला आल्या. त्यांच्यात एक नवीन राहायला आलेली होती. तिनं इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं की पोरं कुठं आहेत, पोचली नाहीत का अजून. मी दारात उभा होतो. मला वाटलं, मी सांगावं. काका नेहमी जे सांगायचे तेच सांगावं. मी तोंड उघडलंही असेन, कारण काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि बारीकशी मान हलवली.

"नाई झाले," काकू त्या बाईला म्हणाल्या. "माह्यात दोष होता."

बायांनी चुकचुकून मान डोलावली. एकीनं काकूंच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसरी म्हणाली की तरी नवऱ्यानं टाकलं नाही, केवढा देवमाणूस. काकूंनी तेही ऐकून घेतलं.

नंतर मी त्यांना विचारलं की असं का सांगितलंत. त्या काकांचा धुतलेला सदरा घडी घालत होत्या. म्हणाल्या की काकांनी जिवंतपणी स्वतः सांगितलं ते वेगळं. मेलेल्या माणसाच्या नावानं बायांनी घरी जाऊन हसावं, हे मला सोसलं नसतं. मी म्हटलं, मग खरं कोणालाच कळणार नाही. काका इतकं सांगत फिरले ते सगळं पुसलं जाईल. मला हे लिहावंसं वाटतं, पण तुमची परवानगी नसेल तर नाही लिहिणार.

सदऱ्याची घडी झाली होती, ती त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली.

"लिहिजो," त्या म्हणाल्या. "मले नाई सांगता येत. पन त्याईनं लपवलं नसतं."